कसा पडला, कधी पडला, कुठला गुडघा: एवढं तरी लिहा!

'आरटी नी पेन. आयडीके.' (आरटी म्हणजे राइट, उजवा.) झालं, संपलं डायग्नोसिस. ऑर्थोच्या फायलींमध्ये मला हे सतत वाचायला मिळतं आणि दर वेळी तेवढंच डोकं फिरतं. आयडीके, म्हणजे इंटर्नल डिरेंजमेंट ऑफ नी. गुडघ्याच्या आत काहीतरी बिघडलंय, एवढाच त्याचा अर्थ. हे एमआरआय काढायच्या आधी लिहिलं तर समजू शकते. पण एमआरआय झाला, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, सर्जनने कूर्चेचा, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थराचा, फाटलेला तुकडा स्क्रीनवर डोळ्यांनी पाहिला, आणि तरी डिस्चार्ज समरीत आयडीकेच?

मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात कोडिंग करते. डॉक्टरांनी जे लिहिलंय त्यावरून आयसीडी-१० चा, म्हणजे डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीतला, कोड लावायचा, हे माझं काम. जे कागदावर नाही ते मी मनाने घालू शकत नाही, घालूही नये. सगळा प्रश्न इथेच आहे.

गुडघ्यातली सांध्याची कूर्चा ताज्या दुखापतीने फाटली तर कोड एस ८३.३. गादी, म्हणजे मेनिस्कस, ताजी फाटली तर एस ८३.२. तीच गादी जुन्या दुखापतीची असेल तर एम २३.२. वाटीमागची कूर्चा मऊ पडली असेल तर एम २२.४. झीज असेल तर एम १७. आणि कोणी काहीच सांगितलं नाही, नुसतं आयडीके लिहिलं, तर एम २३.९. बघा, एकाच गुडघ्याचे एवढे कोड, आणि त्यांतला कुठला लावायचा हे ठरतं डॉक्टरांच्या चार शब्दांवर. कधी लागलं, कसं लागलं, काय फाटलं, किती खोल फाटलं. एस आणि एम या दोन अक्षरांत इन्शुरन्सवाल्यांच्या लेखी जमीन-अस्मानाचा फरक आहे. एस म्हणजे दुखापत, एम म्हणजे आजार.

आणि बाजू! डब्ल्यूएचओच्या मूळ यादीत एस ८३.३ ला डावा-उजवा नाहीच. अमेरिकेच्या आवृत्तीत पुढे आकडा लागतो, एस ८३.३१ उजवा, एस ८३.३२ डावा. मूळ यादीवर काम करायचं तर बाजू शब्दांत लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. तरी माझ्याकडे अशा समऱ्या येतात की वर 'आरटी', खाली ऑपरेशनच्या नोंदीत 'एलटी', म्हणजे डावा. आधीच्या पेशंटची समरी कॉपी करायची, नाव बदलायचं, बाकी राहून जातं. हा टायपिंगचा दोष म्हणून सोडून द्यायचा? ऑपरेशन झालेला गुडघा कुठला, हेच कागदावर धड नाही!

परवाची केस सांगते, म्हणजे मी का चिडले ते कळेल. धायरीचा तरुण मुलगा. पावसात खडीवरून दुचाकी घसरली, उजवा गुडघा रस्त्यावर आपटला. मांडीच्या हाडाच्या टोकावरची कूर्चा उखडली, ग्रेड ४, म्हणजे खालचं हाड उघडं पडलेलं. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, ती आपली आपण भरून येत नाही, त्यामुळे ऑपरेशन ठरलं. सगळं सरळ होतं. पण ओपीडीच्या पहिल्या केसपेपरवर छापील टेम्प्लेट आहे आणि त्यात एक ओळ आधीपासूनच भरलेली असते: 'नो हिस्टरी ऑफ ट्रॉमा', म्हणजे कुठेही लागलेलं नाही. ती ओळ कोणी खोडली नाही. कोणी वाचलीच नाही! त्यात एमआरआयच्या रिपोर्टमध्ये शेवटी एक वाक्य, 'अर्ली डीजनरेटिव्ह चेंजेस', म्हणजे झिजेची सुरुवात. टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या एजन्सीने, बरोबर ते एकच वाक्य उचललं. झीज आहे, अपघाताची नोंद नाही, पॉलिसी दुसऱ्या वर्षात, वेटिंग पिरियड (ठरावीक आजारांचे पैसे न मिळण्याची सुरुवातीची मुदत) चालू, कॅशलेस नामंजूर.

बऱ्याच पॉलिसींत सांध्यांच्या झिजेला वेटिंग पिरियड असतो. इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ वर आणली, तरी तीन वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. अपघाताने झालेल्या दुखापतीला मात्र तो लागत नाही. म्हणजे 'गाडीवरून पडला' एवढे शब्द पहिल्या कागदावर असते तर त्या मुलाच्या आईला गळ्यातलं सोडवून डिपॉझिट भरावं लागलं नसतं. ती काउंटरवर मला सांगत होती, "मॅडम, तो पडला हो, मी स्वतः रिक्षात घालून आणलं त्याला." मला माहीत आहे, ताई. पण तुमचं तोंडी सांगणं मी कोडमध्ये घालू शकत नाही.

टीपीएने क्वेरीही विचारली होती, मग धावपळ. सर ऑपरेशन थिएटरमध्ये, आरएमओ (वॉर्डातला निवासी डॉक्टर) बदललेला, नवीन आरएमओ म्हणतो मी तो पेशंट पाहिलेलाच नाही. शेवटी संध्याकाळी सरांनी अपघाताचं पत्र दिलं. टीपीएचं उत्तर काय? आधीच्या कागदाशी विसंगत, नंतर केलेली नोंद ग्राह्य नाही. अरे, मग क्वेरी विचारलीत कशाला? आणि एका पंचविशीच्या आतल्या मुलाच्या ग्रेड ४ खड्ड्याला वयोमानाची झीज म्हणताना तुमच्या त्या डॉक्टरांना काहीच वाटलं नाही? ताज्या माराची खूण असलेली हाडाची सूज एमआरआयमध्ये स्पष्ट लिहिलेली होती, ती का नाही वाचली? डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असा नियम आहे. नकार मात्र त्याहून लवकर येतो.

आमचं व्यवस्थापनही यातून सुटत नाही. ती टेम्प्लेटची ओळ काढा म्हणून मी लेखी दिलंय. आयटीकडे पाठवलंय, म्हणतात. एक ओळ काढायला आयटी काय करतंय? क्लेम फॉर्मच्या हॉस्पिटलने भरायच्या भागात दुखापत आहे का, कशामुळे झाली, असा स्वतंत्र रकाना आहे. तो भरायला माहिती लागते, आणि ती पेशंटने पहिल्याच भेटीत सांगितलेली असते. पथकात ढोल वाजवताना गुडघा पिळवटला, सिंहगड उतरताना पाय मुरगळला, कबड्डीत कोणी अंगावर पडलं. लोक तारखेसकट सांगतात हो! लिहून घेणारा हात तेवढा हलत नाही.

डॉक्टरांवर कामाचा ताण आहे, मला दिसतो. एका ओपीडीत किती माणसं बसलेली असतात तेही दिसतं. पण 'अमुक तारखेला दुचाकी घसरून उजव्या गुडघ्यास दुखापत' लिहायला काही सेकंद लागतात, आणि ते नसलं की एक कुटुंब महिनोन् महिने खेटे घालतं. आता त्या मुलाचे वडील रिइम्बर्समेंटची, म्हणजे भरलेले पैसे परत मागायची, फाइल करतायत. तिथेही नाही म्हणाले तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि त्यावर काही झालं नाही तर नारायण पेठेत विमा लोकपालांचं ऑफिस आहे, तिथे तक्रारीला पैसे लागत नाहीत, हे मी त्यांना कागदावर लिहून दिलंय.

आणि जे अजून ओपीडीच्या रांगेत आहेत त्यांना हात जोडून सांगते, केसपेपर हातात पडला की तिथेच उभं राहून वाचा. तारीख आहे का, कसं लागलं ते आहे का, गुडघा बरोबर लिहिलाय का. नसेल तर परत आत जा आणि दुरुस्त करून सही घ्या. पुढचा पेशंट आत गेला असेल तर तो बाहेर येईपर्यंत दारात थांबा, पण तो कागद तसाच घेऊन घरी जाऊ नका.