‘इंजिन खोललं की गाडी संपली’ हे खरं नाही

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. आमच्या सांगलीत तर तो सोसायटीच्या ग्रुपपासून भावकीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे पोचलाय. मजकूर थोडक्यात असा: जुन्या छोट्या गाडीचं इंजिन एकदा खोललं की गाडी संपली. धूर आला म्हणजे बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची आतली भिंत) गेलं. कामाला लागतो तेवढ्या पैशाची गाडीच नसते. त्यापेक्षा जाड ऑईल घालून चालवा, नाहीतर भंगारातलं दुसरं इंजिन बसवा. आणि पंधरा वर्षं झाली असतील तर सरळ मोडीत काढा.

हे वाचून आमच्या शेजारच्या काकांनी चांगली चालती गाडी कवडीमोलाने देऊन टाकली, म्हणून लिहायला बसलो. वडिलांनी 2005 मध्ये घेतलेल्या मारुती 800 चं इंजिन मी गेल्या वर्षी बांधून घेतलं. मिस्त्रींच्या शेजारी उभा राहून एकेक आकडा वहीत टिपला. पैसे मोजकेच होते, त्यामुळे प्रत्येक भाग बदलण्याआधी ‘हा खरंच गेलाय का’ हे विचारणं भागच होतं.

आधी ‘खोललं की संपली’. 800 चं इंजिन म्हणजे 796 सीसी, तीन सिलिंडर, खाली बिडाचा ब्लॉक, वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. हे इंजिन पुन्हा बांधता यावं असंच बनवलंय. म्हणून तर झिजलेलं बोअर किंचित मोठं करून बसवायचे 0.25 आणि 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन मिळतात, क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) ग्राइंड करून अंडरसाइझ बेअरिंग बसवता येतात. ही गाडी 1983 च्या डिसेंबरपासून 2014 पर्यंत निघत होती, ओम्नीलाही 796 सीसीचंच इंजिन होतं, त्यामुळे सुट्या भागांसाठी हिंडावं लागत नाही. ज्या जिल्ह्यात 1910 पासून किर्लोस्करवाडी आहे, जिथे शेतकऱ्यांनी विहिरीवरची डिझेल इंजिनं दोन-दोनदा बांधून पुन्हा पाण्यावर लावली, तिथे हा मेसेज कुणी खरा मानावा याचं मला वाईट वाटतं. इंजिन बिघडतं ते बांधताना केलेल्या घाईमुळे. बेअरिंग कॅपची अदलाबदल झाली, होनिंगनंतर (बोअर आतून हलकं घासल्यावर) ब्लॉक नीट धुतला नाही, हेडचे बोल्ट मधून बाहेर टप्प्याटप्प्याने आवळायचे ते एका बाजूने आवळत नेले, तर ते इंजिन टिकणार नाहीच.

आता धुराचं. पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच. पांढरा धूर, सोबत रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केटकडे, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पॅकिंगकडे बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, पण त्यातही फरक आहे: फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला येऊन थांबत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील गेलेत, आणि चढाला पाय दाबला की सतत येत असेल तर पिस्टनभोवतीच्या रिंगांवर संशय घ्यायचा. संशयच. खात्री कॉम्प्रेशन गेजने, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजून होते.

माझ्या गाडीला एका ठिकाणी नुसता धूर बघून ‘बोअर, पिस्टन, क्रँक, सगळं’ म्हणून 38,000 सांगितले होते. दुसऱ्या मिस्त्रींनी आधी इंजिन गरम केलं, तिन्ही प्लग काढले, मला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगून स्टार्टर मारायला लावला. गेजवर पहिला सिलिंडर 12 किलो प्रति चौरस सेंटिमीटर, दुसरा साडेअकरा, तिसरा 8. मग तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडलं आणि पुन्हा मोजलं. काटा 11 वर गेला. ऑईलने फट तात्पुरती बुजली, म्हणजे हवा पिस्टनच्या कडेने निसटत होती. काटा हलला नसता तर दोष व्हॉल्व्हकडे गेला असता आणि हेडच्या कामावर भागलं असतं. दहा मिनिटांची ही तपासणी.

खोलल्यावर मिस्त्रींनी जुनी रिंग बोअरमध्ये ठेवली, पिस्टन उलटा धरून त्याने ती सरळ खाली ढकलली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेजची (फट मोजायची) ठरावीक जाडीची पाती घालत गेले. 0.90 मिलिमीटरची पातीसुद्धा आरामात गेली. नवी रिंग तिथेच ठेवली तर 0.30 ची पाती जेमतेम सरकली. मग डायलच्या बोअर गेजने वर, मध्ये, खाली, आडवं-उभं मोजलं. सगळ्यात जास्त झिजलेल्या जागी फरक 0.04 मिलिमीटर. ‘‘एवढ्यावर बोअर करायचं कारण नाही, दादा. होन मारू आणि स्टँडर्ड रिंगा टाकू,’’ असं म्हणून त्यांनी गेज पुसून ठेवलं. माझे निम्मे पैसे त्या क्षणी वाचले.

खर्चाचा मुद्दा त्यातूनच सुटतो. रिंगा, बिगएंड आणि मेन बेअरिंग, पॅकिंग किट, व्हॉल्व्ह सील, लॅपिंग (व्हॉल्व्ह जागेवर घासून बसवणं), हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं), टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑईल-फिल्टर आणि मजुरी धरून माझे 17,850 झाले. हेडचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून आणलं. बेअरिंग, बेल्ट आणि गॅस्केट यांत मी एक पैसाही वाचवला नाही, आणि कुणी वाचवू नये. बचत करायची ती न गेलेला भाग न बदलून. गाडी विकून किती येतील याच्याशी हा खर्च ताडून बघणं मला पटत नाही. तिच्या जागी नवी घ्यायची तर चार लाखांच्या आसपास लागतात, त्याच्याशी ताडून बघा.

जाड ऑईलने धूर थोडे दिवस कमी दिसतो हे खरं. पण थंड इंजिनात जाड ऑईल वर हेडपर्यंत उशिरा पोचतं, आणि झीज जास्त होते ती नेमकी त्या पहिल्या काही सेकंदांत. आज रिंगांवर भागणारं काम पुढे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि बेअरिंगपर्यंत जातं.

भंगारातलं इंजिन घेणाऱ्याने निदान कॉम्प्रेशन मोजून मागावं. शिवाय इंजिन नंबर आरसीवर असतो. इंजिन बदललं की आरटीओत नोंद करून घ्यावीच लागते, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

एका बाबतीत मात्र खोलणं परवडत नाही अशी वेळ येते, ती पुरात. 2019 च्या ऑगस्टमध्ये मारुती चौकात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांना लोकांनी पाणी ओसरताच स्टार्टर मारला. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉकच फुटतो. अशा इंजिनाचा हिशेब वेगळा. बुडालेल्या गाडीला प्लग काढून पाणी बाहेर घालवल्याशिवाय किल्ली लावू नका.

राहिली पंधरा वर्षं. पेट्रोल गाडीला 15 आणि डिझेलला 10 वर्षांची बंदी गाजली ती दिल्ली आणि तिच्या आसपासच्या एनसीआरमधली. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी संपते, तपासणीत पास झाली की पाच वर्षांसाठी वाढते, आणि पुन्हा वाढवता येते. फी महागली आहे: 2022 मध्ये 600 ची 5,000 झाली, 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला 10,000, वर पर्यावरण कर. हे पैसे आधी हिशेबात धरा. आमच्या एमएच-10 (सांगली) गाडीची मुदत आता 2030 पर्यंत आहे.