‘चार रोगी एकत्र बसले की चौघांचा आजार वाढतो’ म्हणे!

गेले काही दिवस एक मजकूर नातेवाइकांच्या, सोसायट्यांच्या आणि सेवानिवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. मथळा आहे ‘सपोर्ट ग्रुपला जाण्याआधी हे वाचा’. सपोर्ट ग्रुप, म्हणजे आधारगट: एकाच आजाराची माणसं किंवा त्यांच्या घरचे एकत्र बसून बोलतात, ती बैठक. एकूण सहा मुद्दे, प्रत्येकापुढे लाल उद्गारचिन्ह. एक, चार रोगी एकत्र बसले की चौघांचा आजार वाढतो. दोन, हे परदेशी फॅड आहे. तीन, एका बैठकीला हजारो रुपये उकळतात. चार, नाव बाहेर फुटतं आणि घरातली लग्नं अडतात. पाच, आपल्या भागात असलं काही नसतंच. आणि सहा, गोळ्यांनी माणूस गुलाम होतो, त्यापेक्षा आमच्या २१ दिवसांच्या शिबिराला या, पहिल्याच दिवशी गोळ्या बंद.

असल्या मजकुराला एरवी कुणी उत्तर देत बसू नये. पण शेजारच्या इमारतीतल्या मावशींनी तो वाचला. त्यांचा मुलगा स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास आणि संशयाच्या मानसिक आजाराच्या, गोळ्यांवर गेली कित्येक वर्षं नीट नोकरी करतो आहे आणि त्या स्वतः आधारगटाच्या बैठकीला जातात. ‘मी बैठकीला जायचं थांबवू का?’ आणि ‘त्याच्या गोळ्या कमी करून बघू का?’ हे दोन्ही प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात सहाव्यापासून. बाकीचे पाच मुद्दे वाचून फार तर चार बैठका चुकतील. सहावा वाचून माणूस थेट वॉर्डात जाईल.

स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या अचानक थांबवल्या की पहिले काही दिवस काय दिसतं? सुस्ती उतरते. हातांची थरथर कमी होते, भूक आवरते, चेहऱ्यावर तरतरी येते. घरचे म्हणतात, ‘बघा, गोळ्यांनीच मठ्ठ झाला होता.’ आजार मात्र बहुतेकदा त्या आठवड्यात परतत नाही. तो काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी येतो. आधी झोप उडते. मग खिडक्या लावून बसणं, जेवणाचं ताट हुंगून बघणं, टीव्हीवरचा माणूस आपल्याबद्दलच बोलतोय असं वाटणं. शिबिर २१ दिवसांचं असतं आणि ‘मी बरा झालो’ हा व्हिडिओ त्या २१ दिवसांतच काढला जातो. साठाव्या दिवशी कॅमेरा घेऊन घरी कुणी येत नाही.

२०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्टेफान लॉइख्ट आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियावरच्या ६५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. सुमारे साडेसहा हजार रुग्ण. गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला. ज्यांना खऱ्या गोळीऐवजी नुसती दिसायला तशी गोळी दिली, त्यांच्यापैकी ६४ टक्क्यांचा. हे दोन आकडे नीट वाचले तर निम्मा फॉरवर्ड तिथेच निकालात निघतो. गोळ्या घेऊनही शंभरातल्या २७ जणांचा आजार उलटतोच, म्हणजे गोळीच्या जोडीला आणखी काही लागतं. बैठकीची जागा ती. आणि औषधाविना ३६ जण वर्षभर ठीक राहिले. शिबिरवाल्यांचे व्हिडिओ या ३६ जणांचे असतात. उरलेल्या ६४ जणांचा फोन लागत नाही.

बरं, प्रत्येक गोळीची तऱ्हा वेगळी. बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या आजारावरचं लिथियम एकदम सोडलं तर उन्मादाचा झटका उसळून येऊ शकतो. डॉक्टर ते थांबवतात तेव्हा निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन हळूहळू उतरवतात. नैराश्याच्या पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारख्या गोळ्या तोडल्या की दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड आणि डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. तो आजारच परत आला असं समजून लोक घाबरतात. झोपेसाठी महिनोन् महिने अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम घेणाऱ्याने ती एका रात्रीत सोडली तर आकडी येऊ शकते. स्किझोफ्रेनियावरच्याच क्लोझापिनमध्ये ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस तसाच सुरू करता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढावं लागतं. ‘पहिल्याच दिवशी सगळ्या गोळ्या बंद’ म्हणणाऱ्याला यातली कोणती गोळी कशाची, हे ठाऊक तरी असतं का?

गोळ्या कमी व्हाव्यात असं वाटणं चूक नाही. ज्यांनी त्या लिहून दिल्या त्यांना सरळ विचारावं. एका वेळी एकच औषध कमी होतं, तेही घरात लग्न, परीक्षा किंवा मृत्यू नसलेल्या काळात. आधीच्या वेळी आजार उलटला तेव्हा पहिली तीन लक्षणं कोणती होती, ती कागदावर लिहून फ्रिजवर लावावीत आणि रोजच्या झोपेचे तास कॅलेंडरवर टिपावेत. बहुतेक घरांत पहिली घंटा झोपेचीच वाजते.

आता ‘चार रोगी एकत्र बसले’ तर. हे लिहिणाऱ्याने दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटाची, म्हणजे एएची, एकही बैठक पाहिलेली दिसत नाही. चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत पंधरा-वीस प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाची किटली. एक जण स्वतःचं पहिलं नाव आणि ‘मी अल्कोहोलिक आहे’ एवढं सांगून बोलायला लागतो. बाकीचे ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, ‘अरे, तू असं करायला हवं होतंस’ तर नाहीच. त्याचं संपलं की पुढचा. यात आजार कुठून कुठे पसरतो? कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे काढते. तिच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोक होते. एएकडे पद्धतशीर वळवलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के वर्षानंतर पूर्ण दारूमुक्त होते, इतर प्रस्थापित उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के. चार दारुडे एकत्र बसल्याचा हा परिणाम.

तरी या मुद्द्यात चिमूटभर खरं आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करायला हवं. वाईट चालवलेला गट नुकसान करतो. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलामुलींच्या गटात ‘कसं केलं’ याचं वर्णन सुरू झालं की इतरांना ते सुचतं. जाणता चालक तिथल्या तिथे थांबवतो. उन्मादात असलेल्या, ताजे भास होत असलेल्या किंवा आत्महत्येच्या विचारात बुडालेल्या माणसाला गटात बसवायचं नसतं, आधी डॉक्टर. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने बैठकीत भारावून जाऊन त्याच रात्री दारू तोडू नये. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, दोन ते चार दिवसांच्या आसपास भ्रम होऊ शकतो. त्याने ते दिवस वैद्यकीय देखरेखीत काढावेत, मग बैठक. नेहमी बोकाळणारा आणखी एक प्रकार म्हणजे चहाच्या वेळी ‘मला पाचचीच चालते, तुम्हाला दहाची कशाला?’ अशी गोळ्यांची तुलना. ही तुलना खपवून घेणारा गट सोडलेला बरा.

नाव फुटण्याची भीती मात्र खरी आहे, विशेषतः तालुक्याच्या गावात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने उपचार करणाऱ्यांवर गोपनीयतेचं बंधन घातलं आहे. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सभासदावर ते बंधन नाही. तिथे गटाचा आपसातला करार चालतो. त्यामुळे पहिल्या दिवशी हा नियम मोठ्याने वाचला जातो का, ते बघा. गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर तुमचा नंबर आणि फोटो सगळ्यांना दिसतो, म्हणून आत शिरण्याआधी विचारा. निरोप एसएमएसने किंवा ब्रॉडकास्टने मिळत असतील तर उत्तम. गाव लहान असेल तर शेजारच्या तालुक्यातल्या बैठकीला जायला काही हरकत नाही, पुष्कळ लोक तसंच करतात. लग्नाच्या मुद्द्याला उत्तर देत बसत नाही. आजार लपवून केलेली लग्नं पुढे कशी मोडतात, ते मावशींच्या बैठकीतल्या कुणालाही विचारा.

परदेशी फॅड? एए १९३५ साली अमेरिकेत सुरू झालं, खरं आहे. इन्सुलिनही कॅनडातूनच आलं.

पैशांबद्दल थोडक्यात. एएत फी नाही. बाहेरची देणगीही घेत नाहीत, सभासदच जमेल तेवढी वर्गणी टाकतात. स्वमदत गट बहुधा मोफत किंवा नाममात्र शुल्काचे. पैसे पडतात ते गटोपचाराला, आणि तो वेगळा प्रकार आहे. त्यात प्रशिक्षित उपचारक, सहा ते दहा ठरलेली माणसं, दर आठवड्याला तास-दीड तास, असे काही आठवडे. तिथे उपचारकाची नोंदणी विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, मानसोपचारतज्ज्ञ असेल तर वैद्यकीय परिषदेची. पहिल्या भेटीआधीच पूर्ण ‘पॅकेज’चे पैसे मागणाऱ्याकडे मात्र जाऊच नका.

‘आपल्या भागात नसतंच’ हा पाचवा मुद्दा लिहिणाऱ्याने शोधलेलंच नाही. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आणि तिथे घरच्यांकडेही लक्ष दिलं जातं. ठाण्यात मानसिक आरोग्याचं काम करणारी आयपीएच ही संस्था १९९० पासून आहे. पुण्याचीच स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ पासूनची, धुळ्याकडून कॅल्गरी विद्यापीठात शिकवायला गेलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारातली. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळही आहे, कारण आधारगट फक्त मनाच्या आजाराचे नसतात. गोव्यात बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात चौकशी करा. गावाजवळ यातलं काहीच नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. तिथे डॉक्टरांपेक्षा समाजसेवकाला गाठा, कोणता गट चालू आहे आणि कोणता नुसता फलकावर उरला आहे हे त्यांना माहीत असतं. किंवा १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ‘मला समुपदेशन नको, जवळचा आधारगट हवा आहे’ असं सुरुवातीलाच स्पष्ट सांगा, नाहीतर संभाषण दुसरीकडे वळतं.

गटाचा नंबर मिळाला की फोनवर एवढं विचारा. बैठक शुभार्थींची, म्हणजे आजार असलेल्यांची, की शुभंकरांची, म्हणजे सांभाळणाऱ्यांची? आईला चुकून शुभार्थींच्या बैठकीत बसवलं की तीही गप्प आणि तेही गप्प. चालवतं कोण, आणि ते आले नाहीत तर बैठक होते का? एकाच माणसाच्या जिवावर चाललेले गट त्या माणसाच्या आजारपणात बंद पडतात. मागच्या महिन्यात बैठक झाली का, किती जण आले? एए असेल तर ‘ओपन’ बैठक कधी, कारण ‘क्लोज्ड’मध्ये घरच्यांना प्रवेश नसतो, त्यांच्यासाठी अल-अनॉन वेगळं आहे. जाण्याआधी ठिकाणाची खात्री करा, इंटरनेटवरचे पत्ते फार जुने असतात. आणि एका बैठकीवरून निकाल देऊ नका, तीनदा जा. पहिल्यांदा सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं, आणि त्या दिवशी नेमकी एकच व्यक्ती पाऊण तास बोललेली असते.

मावशींनी गोळ्या कमी केलेल्या नाहीत, बैठकही चालू आहे. फॉरवर्डच्या तळाशी शिबिराचा मोबाइल नंबर आहे. तुमच्या गटात तो आला असेल तर त्यावर फोन करून एकच विचारा: तुमच्याकडे ज्यांच्या गोळ्या बंद झाल्या, त्यांच्यापैकी किती जणांची चौकशी तुम्ही वर्षानंतर केलीत? उत्तर आलं तर तेही त्याच गटात टाका.