सदाफुलीची पानं चावून शुगर जात नाही

गुलाबी सदाफुलीचा फोटो आणि खाली "रोज उपाशीपोटी ५ पानं चावा, शुगर मुळापासून जाईल, गोळ्या बंद करा, कॅन्सर जवळ येणार नाही, हजारो वर्षांचा आयुर्वेदिक उपाय, साइड इफेक्ट शून्य" असा मेसेज परत फिरतोय. यातलं एकेक बघू.

हजारो वर्षं वगैरे नाही. झाड मूळचं मादागास्करचं, चरक-सुश्रुतांच्या काळात ते इथं नव्हतंच. लोकांमध्ये औषध म्हणून वापर होता हे मात्र खरंय, जमैकात मधुमेहावर त्याच्या पानांचा चहा प्यायचे.

आता त्या चहाचंच पुढे काय झालं बघा, मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. १९५२ मध्ये जमैकातून थोडी पानं कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्या लॅबपर्यंत पोचली, त्यांनी उंदरांना अर्क पाजला तर शुगर काही विशेष हलली नाही, मग टोचून दिला तर उंदीर इन्फेक्शनने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच भराभर कमी झाल्या होत्या. म्हणजे शोधायला गेले शुगरचं औषध आणि हाती लागलं पेशी मारणारं रसायन! त्यातूनच नोबल आणि चार्ल्स बीर यांनी १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध जगासमोर आणलं. पुढे दुसऱ्या संशोधकांच्या हाती व्हिन्क्रिस्टिन लागलं, जे लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर आजही देतात.

मग पानं खाल्ली तर कॅन्सरला चालतील ना? नाही. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात. शिवाय ही औषधं फक्त शिरेतून देतात, डोस मोजून, रक्त तपासून, आणि शिरेबाहेर गळली तर तिथली कातडी सडते इतकी ती जहाल.

साइड इफेक्ट शून्य तर अजिबातच नाही, कारण या झाडात शंभराहून जास्त अल्कलॉइड्स (शरीरावर तीव्र परिणाम करू शकणारी वनस्पतीतली रसायनं) आहेत, कुठल्या पानात कुठलं किती ते बघून कळत नाही. उलट्या होऊ शकतात, नसांना त्रास होऊ शकतो, गरोदर बाईने तर तोंडातही घालू नये.

शुगरबद्दल, काही प्रयोगांत नंतर उंदरांची शुगर उतरलेली दिसली, पण त्यावरून माणसाचा डायबिटीस मुळापासून जातो असं कसं म्हणणार? आणि "गोळ्या बंद करा" ही ओळ सगळ्यात घातक. टाइप वन डायबिटीसच्या (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) पेशंटने इन्सुलिन थांबवलं तर एक-दोन दिवसांत रक्तात ॲसिड साचून जीवावर बेतू शकतं. घरात कुणी असं काही सुरू केलं असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा, पानं खाल्लेली लपवू नका.