कुणाचं दार ठोठवायचं?

गोव्यात म्हार्दोळच्या तिठ्याजवळ पिंपळाचा पेड, म्हणजे पार, आहे. संध्याकाळी आम्ही चौघे-पाचजण तिथे बसतो. मंगळवारी भाऊ उशिरा आला. समोर गरम मिरचीभजी होती, पण त्याने एकही उचललं नाही. छातीत जड वाटतंय म्हणाला. सकाळी आरोग्य केंद्रात ईसीजी काढला होता, तो नीट निघाला. डॉक्टरांनी विचारलं, घरात काही टेन्शन आहे काय? हा नाही म्हणाला.

टेन्शन होतं २ लाख ४० हजारांचं. टेलिग्रामवरच्या कुठल्याशा ग्रुपमधून ॲप घेतलं, यूपीआयने पैसे पाठवले आणि त्याचे म्हणे यूएसडीटी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो चलन, झाले. ॲपमध्ये ५ लाख दिसत होते. काढायला गेला तर निरोप आला, आधी ३० टक्के कर भरा. रविवारी रात्री त्यातलेही थोडे भरले. बायकोला अजून पत्ता नाही.

मास्तरांनी आधी काही न बोलता त्याच्याच फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. तक्रारीचा क्रमांक मिळाला तेव्हा भाऊचा हात थरथरत होता, म्हणून तो मी लिहून घेतला. चोराच्या बँक खात्यात पैसे असेपर्यंत ते गोठवता येतात. तिथून क्रिप्टोत बदलून पलीकडे गेले की परत आणणं फार कठीण. तीन दिवस गप्प बसला होता हा माणूस.

मग वाद पेटला.

"जुगार आहे सगळा," मास्तर म्हणाले.

आमचा धाकटा पर्वरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो उसळला. "मास्तर, ही फसवणूक आहे, हे क्रिप्टो नव्हे. बिटकॉइन जानेवारी २००९ पासून चालू आहे, त्याची मूळ साखळी, व्यवहारांची नोंदवही, कुणाला फोडता आलेली नाही. सरकार १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर घेतं. वाईट असतं तर कर घेतला असता?"

"कॅसिनोकडूनही घेतात. म्हणून मांडवीतल्या बोटीवर जाऊन पुंजी ठेवशील तू?"

ही ३० टक्क्यांची गोष्ट नीट समजून घ्या, कारण भाऊ तिथेच फसला. कर खरा आहे, म्हणून चोराचं बोलणंही खरं वाटतं. पण हा कर आपण आयकर खात्याला भरतो, विवरणपत्रात दाखवून. विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो तो वेगळा. आपलेच पैसे सोडवायला ॲपवाल्याच्या खात्यात कर भरायला लावतात, तिथे शंभर टक्के लबाडी समजावी.

धाकट्याचं म्हणणं पुढे असं, की क्रिप्टो नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या बाजारात, घ्यायचं, मग आपल्या वॉलेटमध्ये हलवायचं आणि ते वॉलेट उघडणारे १२ किंवा २४ शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवायचे.

"कपाटाला वाळवी लागली तर? आमच्या पावसात कागद टिकतो?" मास्तरांनी विचारलं.

मास्तरांचा हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. शब्द हरवले की पैसे गेले, दुसऱ्याने वाचले तरी गेले. एक्स्चेंजवर ठेवावं तर जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतातल्या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले आणि लोकांचं खातं वर्षाहून जास्त काळ अडकून पडलं. जपानचं माउंट गॉक्स एक्स्चेंज २०१४ मध्ये बुडालं, परतफेड सुरू व्हायला २०२४ उजाडलं. बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. इथे तो नाही. तंत्र पक्कं असेल, मी नाही म्हणत नाही. पण चूक झाली तर कुणाचं दार ठोठवायचं? माझ्या लेखी सुरक्षितता म्हणजे ते दार.

"दार आहे तर," धाकटा म्हणाला. "ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता आहे असं म्हटलं. वझीरएक्सच्याच एका गुंतवणूकदार बाईच्या अर्जावर."

बरोबर. पण ते दार कोर्टाचं झालं, वकिलामुळे उघडलेलं. मी भाऊला म्हटलं, ईसीजीबरोबर तुला वकीलही लागणार आहे, आणि तो तुझ्या छातीसाठीच.

सगळे माझ्याकडे बघू लागले, म्हणून आईचं सांगितलं.

आम्ही मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे. आजोबांपासून त्याच घरात. घर ज्यात आहे ते भाट, ती बागायती जमीन, विकलं गेलं आणि नव्या मालकाची नोटीस आली, घर रिकामं करा. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आमचं नाव कुठेच नव्हतं. आई ती नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली ठेवायची. इंग्रजी येत नसताना रात्री दोनला उठून ती उलगडायची, बघायची, परत घडी घालायची. घड्यांवर कागद फाटायला आला होता. बीपी १७०, १००. डॉक्टरांनी दुसरी गोळी वाढवली.

फुकट वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकील मुलीने ती नोटीस आईला कोकणीतून ओळ-ओळ वाचून दाखवली. मग म्हणाली, "आई, १९७५ चा मुंडकार कायदा आहे. अशा कागदाने तुम्हाला कोणी बाहेर काढू शकत नाही. आपण मामलेदाराकडे नोंदीचा अर्ज करू." त्या रात्री पिशवी उशाखालून कपाटात गेली. काही महिन्यांनी दुसरी गोळी बंद झाली, आणि तेव्हा आमचं प्रकरण मामलेदाराकडे पडूनच होतं. गोळ्यांचं श्रेय मी काढून घेत नाही. पण ती झोपायला लागली हे मी डोळ्यांनी पाहिलं.

अमेरिकेत हे डॉक्टरांनीच ओळखलं. १९९३ मध्ये बॉस्टनच्या सरकारी इस्पितळात बॅरी झुकरमन या बालरोगतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की दम्याची मुलं औषध घेऊन घरी जातात आणि पुन्हा येतात, कारण भाड्याच्या घराच्या भिंतींना बुरशी. घरमालक डॉक्टरचं ऐकेना. मग त्यांनी इस्पितळातच वकील आणला.

"फुकटचा वकील फुकटासारखंच काम करतो," मास्तर म्हणाले. हे अगदीच खोटं नाही. काहींकडे कामाचा ढीग असतो, काही फोन उचलत नाहीत. पण वकील बदलून मागता येतो, हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बायका, मुलं, अपंग, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता ही मदत आहे. औद्योगिक कामगारालाही आहे.

भाऊने पहिल्यांदा मान वर केली. तो कुंडईच्या वसाहतीत फिटर आहे. "म्हणजे मला पण?"

"तुला पण. फोंड्याच्या कोर्टात जायचं, नाहीतर १५१०० या विधी सेवेच्या नंबरवर फोन."

तो फोन काढून ॲप पुसायला निघाला. घरात कोणाला दिसू नये म्हणून. धाकट्याने त्याचा हात धरला. "पात्रांव, तोच तर पुरावा. एकही मेसेज पुसू नकोस."

भजीचा गाडा बंद होत आला होता. मास्तरांनी पिशवीतून वही काढली, रेघा मारल्या. धाकटा फोनमधून एकेक व्यवहार वाचू लागला, तारीख, वेळ, रक्कम, व्यवहाराची ओळख असलेला बारा आकडी यूटीआर क्रमांक. सहाव्या व्यवहाराला भाऊ म्हणाला, थांबा, आधी घरी फोन करतो.