वीस नखी

घरात गालिचा आधी आला की मांजर, यावर पुढचे सगळे खटले ठरतात. मांजर आधी आलं असेल तर शहाणी माणसं गालिच्याचा विचारच सोडून देतात. आमच्याकडे गालिचा आधी आला आणि बरीच वर्षं हॉलमध्ये मानानं पसरून राहिला. त्याच्यावर ग्लास घेऊन बसायचं नाही, पाय ओले असतील तर वळसा घालून जायचं, कोपरा दुमडला तर दुमडणाऱ्यानंच सरळ करायचा, असे नियम सौभाग्यवतींनी घालून दिले होते. मी ते पाळत होतो. मग एके दिवशी लेकीनं ओढणीत गुंडाळून एक पिल्लू आणलं. "बाबा, थोडेच दिवस हं." संध्याकाळपर्यंत त्याचं नाव ठेवून झालं होतं, आणि नाव ठेवलेलं पिल्लू परत जात नाही, हा जगाचा नियम आहे. मुठीएवढ्या जिवाला 'ठमी' असं भारदस्त नाव मिळालं. नावाला जागायचं म्हणून की काय, पण घरातली सर्वात वजनदार व्यक्ती तीच झाली.

ठमीला नियम कोणी सांगितले नव्हते. ती झोपेतून उठायची, पाठीची कमान करायची, सगळे दात दिसतील अशी जांभई द्यायची आणि तडक गालिच्याच्या कोपऱ्याशी जायची. पुढचे दोन्ही पाय लांबवून सुरू: र्र्रक्, र्र्रक्, र्र्रक्. हा आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांना वर्णनाची गरज नाही. नळ चालू असताना, दार लावलेलं असताना, तोंडात ब्रश असतानाही तो ऐकू येतो. पाठोपाठ स्वयंपाकघरातून हाक येते, "अहो, बघा तुमची ठमी काय करतेय!" मांडीवर झोपलेली असली की ती 'माझी सोनी' असते. गालिच्यावर असली की माझी.

मांजराला ओरडून काही शिकवता येत नाही असं म्हणतात, ते खोटं आहे. ते लगेच शिकतं. फक्त आपण शिकवतो एक आणि ते शिकतं भलतंच. मी "ए ठमे!" म्हणून ओरडलो की ती थांबायची, माझ्याकडे शांतपणे बघायची आणि मी आत गेलो की राहिलेलं काम पुरं करायची. धडा तिला पक्का कळला होता: गालिचा ओरबाडायचा तो बाबांच्या पाठीमागे. पाण्याचा फवारा मारा, असंही एकानं सुचवलं. त्यातही तीच गोम आहे. मांजर ओरबाडायला घाबरत नाही, बाटली धरणाऱ्याला घाबरायला लागतं. या घरात मला कोणीच घाबरत नसल्यामुळे क्षणभर मोह झाला होता, नाही असं नाही.

मग उपायांचा पाऊस पडला. मांजर पाळलं की नातेवाइकांना आपल्या तब्येतीपेक्षा आपल्या गालिच्याची काळजी वाटू लागते. कोणी म्हणालं, मांजरांना संत्र्या-लिंबाचा वास खपत नाही. हे बहुतेक मांजरांच्या बाबतीत खरं आहे, म्हणून कोपऱ्यावर संत्र्याची सालं मांडली. ठमीनं नाक मुरडलं, सालींना वळसा घातला आणि पलीकडचा कोपरा धरला, जो तोपर्यंत धडधाकट होता. दुसऱ्या एकानं सालींऐवजी सुगंधी तेल शिंपडायला सांगितलं. तेवढं मात्र डॉक्टरांनी हाणून पाडलं, आणि बरं झालं. असली अर्कतेलं मांजराला बाधतात. ते ती पंजावरून चाटून पोटात घेतं आणि त्याच्या यकृताला ती पचवणं जड जातं.

त्यानंतर ॲल्युमिनियमची फॉइल अंथरली. मांजरांना तिचा स्पर्श आणि चुरचुर आवडत नाही म्हणे. ठमीला दोन्ही आवडले. रात्री दिवे गेले, सगळे झोपले, की ती फॉइलवर धावायची आणि आम्हाला वाटायचं, कोणीतरी घरफोडी करतंय आणि तेही अत्यंत अडाणीपणानं. शेवटी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली. हा उपाय खरोखर चालतो, कारण पंज्याला काही चिकटलेलं मांजराला अजिबात सहन होत नाही. अडचण एवढीच की घरात पाय असलेली ती एकटी नव्हती. पहिल्या रात्री माझा मोजा टेपला चिकटला आणि मी मोज्याविना पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींची ओढणी चिकटली. ठमी सोफ्यावर बसून हे बघत होती, आणि घरातली मोठी माणसं गालिच्यावरून टाचा उचलून चालायला शिकली होती.

शत्रूचा अभ्यास करावा म्हणून मी वाचायला बसलो, आणि खरा घात तिथे झाला. कारण जसजसं वाचावं तसतसं रागावायला जागाच उरेना. मांजराचं नख थरांनी बनलेलं असतं. बाहेरचा थर जुना झाला की ते घासून काढून टाकतं आणि खालचं धारदार नख मोकळं होतं. गालिच्यात अडकलेल्या अर्धचंद्राच्या आकाराच्या पोकळ टरफलांना मी इतके दिवस कचरा समजत होतो, ती ठमीची जुनी नखं होती. शिवाय घासताना खांदे आणि पाठ यांचा व्यायाम होतो. शिवाय पंज्यांत गंधग्रंथी असतात, त्यामुळे घासलेल्या जागी तिचा वास राहतो, आणि ओरखडे तर दिसतातच. म्हणजे ती आंघोळ, योगासनं आणि खरेदीखत ही तीन कामं एका दमात उरकत होती, आणि मी आड येत होतो.

एक बाब मात्र माझ्या बाजूची निघाली. आराम करताना मांजराचं नख अस्थिबंधांच्या ओढीनं आपोआप आत राहतं. बाहेर काढायला स्नायूंना काम करावं लागतं. (अगदी तान्ह्या पिल्लांना नखं आत घेता येत नाहीत, सुमारे चार आठवड्यांनंतर ते जमायला लागतं.) म्हणजे 'अगं, लागलं असेल चुकून' ही जी दयाबुद्धीची सबब लेक रोज पुढे करत होती, ती शरीररचनेला धरून नव्हती. मी हे तिला दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे ती मेहनत घेते."

आपल्याकडे म्हण आहे, अठरा नखी खेटरे राखी, वीस नखी घर राखी. अठरा नखांचा कुत्रा दारातल्या चपला सांभाळतो आणि वीस नखांचं मांजर घर सांभाळतं. ठमी झोपलेली असताना मी मोजली. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. दोन नखांचा घोटाळा म्हणीत आहे. पण गालिच्याची अवस्था पाहून जुन्या माणसांनी वीस का धरली असतील ते कळतं. घर राखण्याबद्दल मी काही बोलत नाही. घरातला एक कोपरा सोडून बाकीचं अजून राखलेलं आहे.

गालिच्यांबद्दलही वाचलं. हातानं विणलेल्या, गाठींच्या गालिच्यांपैकी जगातला सर्वात जुना मानला जाणारा गालिचा १९४९ मध्ये आल्ताय पर्वतातल्या पाझिरिक इथल्या एका गोठलेल्या थडग्यात सापडला. तो इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातला. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३६ गाठी, काठावर घोडेस्वारांची रांग, आत हरणं. सध्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज संग्रहालयात आहे. तो इतका कसा टिकला याचं श्रेय तज्ज्ञ बर्फाला देतात. माझं मत वेगळं आहे. त्या थडग्यात मालकाबरोबर घोडे पुरले होते. मांजर नव्हतं.

आमचा गालिचा गाठींचा नाही, बारीक फासांचा आहे, आणि मांजराच्या नखाला फास म्हणजे पर्वणीच. नख त्यात अडकतं, मांजर ओढतं, आणि एक धागा वर येतो. असा वर आलेला धागा ओढून काढायचा नसतो, कात्रीनं बरोबरीत कापायचा असतो. ओढला तर शेजारच्या फासांची ओळच्या ओळ उसवत जाते. हे ज्ञान आमच्या घरात मी सोडून कोणाला नव्हतं. कारण पाहुण्यांना उठलेला धागा दिसला की त्यांचा हात गप्पा मारता मारता आपोआप तिकडे जातो. एका सभ्य गृहस्थांनी आमच्याकडे बसून राजकारणावर बोलता बोलता वीतभर गालिचा उसवला. त्यांना कोणी "ए!" केलं नाही.

सर्व ग्रंथांचा निष्कर्ष एकच होता: ओरबाडणं बंद करता येत नाही, फक्त दुसरीकडे वळवता येतं. म्हणून घायपाताच्या दोरानं गुंडाळलेला खांब आणला. खांब कसा असावा याचेही नियम आहेत. तो हलता कामा नये, कारण एकदा अंगावर कलला की मांजर पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. उंची अशी हवी की मोठं झालेलं मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणू शकेल, म्हणजे ८०-९० सेंटिमीटर तरी. आणि तो जिथे ओरबाडणं चालतं तिथेच ठेवायचा. सौभाग्यवतींनी त्याची जागा मागच्या खोलीत, कपाटाआड ठरवली होती. मी पुस्तकी आधार दाखवला. अखेर हॉलच्या बरोबर मध्यभागी, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा, एक दोरखंडी खांब उभा राहिला. येणारा प्रत्येकजण आधी त्याच्याकडे बघायचा, मग आमच्याकडे, आणि काही विचारायचं टाळायचा.

ठमीनं खांबाला एक प्रदक्षिणा घातली, वास घेतला आणि त्याच्या बुंध्याशी बसून गालिचा ओरबाडला. मग तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला होता, ते खोकं ओरबाडलं. मग त्यातच झोपली.

कोडं लेकीनं सोडवलं. काही मांजरांना उभं घासायला आवडतं, काहींना आडवं. पडदे आणि सोफ्याची पाठ फाडणारी मांजरं पहिल्या जातीची. गालिचा धरणारी दुसऱ्या. ठमीला खांब नकोसा नव्हता, उभा खांब नकोसा होता. लेकीनं तो आडवा पाडला, बाजूनं टेकू दिला आणि खोक्याचा पुठ्ठा कापून शेजारी अंथरला. ठमी उठली, जांभई दिली, आणि दोरावर र्र्रक् असा आवाज झाला. आम्ही तिघंही श्वास रोखून उभे होतो. सौभाग्यवती तर हळूच म्हणाल्या, "कोणी हलू नका."

मध्यंतरी नखं कापण्याचाही कार्यक्रम झाला. डॉक्टरांच्या टेबलावर ते फार सोपं दिसतं. बोटाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं, आतला गुलाबी भाग सोडायचा, कारण तिथे रक्तवाहिनी आणि मज्जातंतू असतो, आणि पुढचं पारदर्शक टोक तेवढं उडवायचं. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. घरी हे काम लेकीनं धरायचं आणि मी कापायचं असं ठरलं. एक नख कापून झालं. मग ठमी कपाटावर, लेक हसत जमिनीवर आणि मी औषधाच्या डब्याशी. एका बैठकीत सगळी नखं कापलीच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही. झोपेच्या गुंगीत असताना एक-दोन, उद्या आणखी एक-दोन, असं केलं तरी चालतं. आमच्याकडे मागच्या पायापर्यंत पोचेस्तोवर पुढची वाढलेली असतात.

एका परिचितानं मात्र कहर केला. म्हणाला, "एवढा कसला त्रास, नखंच काढून टाका ना." त्याला ते एखादं बटण काढण्याइतकं वाटलं असावं. प्रत्यक्षात त्या शस्त्रक्रियेत प्रत्येक बोटाचं शेवटचं हाडच कापून टाकतात. युरोपातल्या बऱ्याच देशांत त्यावर बंदी आहे, इस्राएलनं २०११ मध्ये घातली, न्यूयॉर्क राज्यानं २०१९ मध्ये. आमच्याकडे त्या दिवशीच घातली गेली. सौभाग्यवतींनी त्याला इतकंच विचारलं, "भाऊजी, मघापासून तुम्ही तो धागा ओढताय, तुमच्या बोटांचं काय करायचं?"

नव्या व्यवस्थेत गोडी वाटावी म्हणून दोरावर कॅटनिप भुरभुरलं. ही पुदिन्याच्या कुळातली वनस्पती; तिच्या वासानं मांजरं लोळतात, गडाबडा करतात, देहभान विसरतात. ठमी शिंकली. लहान पिल्लांवर तिचा परिणाम होतच नाही, काही महिन्यांची झाल्यावर होतो, आणि काही मांजरांवर जन्मभर होत नाही, कारण ते आनुवंशिक असतं. ठमीचे आईवडील कोण हे ठाऊक नसल्यानं हा प्रश्न खुला ठेवला आहे.

त्यापेक्षा कौतुक लागू पडलं. दोरावर नखं घासली की लगेच, त्याच क्षणी, शाब्बासकी द्यायची, डोकं खाजवायचं, एखादा आवडता खाऊ द्यायचा. उशीर झाला तर कशाबद्दल शाब्बासकी मिळाली ते तिला कळत नाही. तेव्हापासून आम्ही मोठी माणसं हातातली कामं टाकून मांजरानं दोर ओरबाडल्याबद्दल टाळ्या वाजवतो. ठमीनंही ते मनावर घेतलं. आता ती एकटी असताना नखं घासतच नाही. आधी प्रेक्षक गोळा करते. मी कामात असलो की येऊन पायावर पंजा ठेवते, पुढे चालत जाते, मी येतोय ना ते वळून बघते, आणि मी खांबासमोर उभा राहिल्यावरच सुरुवात करते. मग थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते.

काल मी फोनवर होतो. महत्त्वाचं बोलणं चाललं होतं, म्हणून नुसती मान डोलावली. ठमी उठली आणि सावकाश गालिच्याच्या कोपऱ्याकडे निघाली. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, म्हणा ना शाब्बास! निघालीय ती तिकडे!"

फोनवरच्या माणसाला मी "एक मिनिट" म्हणालो, आणि मग जोरात, "शाब्बास, ठमाबाई, शाब्बास!" पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "बरं... मग ते काम नक्की समजू ना?"