लातुरातला इक्थिओसॉर

ज्या शहराला २०१६ साली पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले, त्या लातुरात शाळेच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर समुद्र रंगवण्याची कामगिरी चित्रकला शिक्षक या नात्याने माझ्यावर आली. नुसता समुद्र नव्हे, त्यात डायनोसॉर हवा, अशी मुख्याध्यापकांची आज्ञा होती. समुद्रात पोहणारे ते इक्थिओसॉर, डायनोसॉरांच्या काळातलेच सरीसृप, पण त्यांचे कूळ वेगळे, असे मी नम्रपणे निवेदन केले. "काय ते काढा, पण दात दिसले पाहिजेत," म्हणून त्यांनी रंगांच्या खर्चावर सही केली.

प्राणी परका वाटू नये म्हणून मी कच्छमधला निवडला. तेथील लोडाई गावाजवळ सापडलेला, सुमारे साडेपाच मीटर लांबीचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा २०१७ साली जगापुढे आला. त्याचे वय अंदाजे पंधरा कोटी वर्षे. तो मूळ मापात काढायचे ठरवले आणि तेथेच फसगत झाली, कारण भिंतीच्या एका टोकाला स्वीचबोर्ड आहे. तोंड तिकडे केले तर डोळ्यात पंख्याचे बटण येई. शेपूट केले तर शेपटीच्या टोकातून वायर निघे. काही इक्थिओसॉरांचा डोळा वीस सेंटिमीटरांहून मोठा, म्हणजे जेवणाच्या ताटलीएवढा असे, त्यामुळे तो वाचवणे मला अधिक महत्त्वाचे वाटले. शेपटीला वीज मिळाली.

खडूने आराखडा पडताच परीक्षक जमले. शिपाई मामांनी बराच वेळ मान तिरकी करून पाहिले आणि विचारले, "सर, ह्याला मगरीचं तोंड अन् माशाचं अंग कामून दिलंय?" या प्रश्नाला उत्क्रांतीखेरीज उत्तर नव्हते आणि मामांना घंटा द्यायची होती.

खरा त्रास गणिताच्या सरांनी दिला. त्यांनी तारकर्लीला डॉल्फिन पाहिलेला असल्यामुळे सागरी जीवशास्त्र त्यांचेच. शेपटी आडवी पाहिजे, हा त्यांचा हट्ट. इक्थिओसॉरची शेपटी शार्कसारखी उभी असते आणि पाठीचा कणा खाली वळून तिच्या खालच्या पाकळीत शिरतो, हे मी त्यांना खडूने काढून दाखवले. "म्हणजे मोडलाय की तो!" ते म्हणाले. त्यांना एकदम वेड्यात काढता येईना, कारण सांगाड्यांतला हा बाक म्हणजे मरणोत्तर मोडतोड असेच आरंभी जाणकारांनाही वाटले होते. पुढे जर्मनीतल्या होल्झमाडेनच्या दगडांत त्वचेच्या कडेसकट ठसे मिळाले, तेव्हा शेपटीच्या आकाराचा वाद मिटला. आमच्या स्टाफरूममध्ये तो अजून मिटलेला नाही.

त्याच होल्झमाडेनमध्ये पोटात पिल्ले असलेल्या माद्या सापडल्या आहेत. हे प्राणी अंडी न घालता पाण्यातच पिल्लांना जन्म देत, म्हणून मी एक पिल्लू निम्मे बाहेर आलेले दाखवले होते. "आठवीची मुलं बसतात इथं," एवढे बोलून मुख्याध्यापकांनी ते पुसायला लावले. दात मात्र त्यांना आवडले.

रंगवणे हा शेवटचा छळ. एका जीवाश्मातल्या त्वचेच्या अभ्यासावरून, २०१८ साली, पाठ गडद आणि पोट फिकट असा रंगसंगतीचा पुरावा मिळाला. वरून पाहणाऱ्याला खोल पाण्यात आणि खालून पाहणाऱ्याला उजेडात प्राणी मिसळून जावा, ही त्यातली युक्ती. आता गडदाकडून फिकटाकडे जाणारी छटा ओल्यावर ओली ओढावी लागते, आणि लातूरच्या एप्रिलमध्ये डिस्टेंपर भिंतीला टेकण्याआधी ब्रशवरच वाळतो. पातळ करायला पाणी मागावे तर मामा म्हणत, "टँकर आला नाही अजून." प्रागैतिहासिक महासागर रंगवताना मी अर्ध्या बादलीत तीन ब्रश धुतले.

अखेर छटा जमली आणि देणगीदार चित्र पाहायला आले. आपले नाव कोठे लिहिणार, हा त्यांचा पहिला प्रश्न. निळ्या समुद्रावर अक्षरे उठत नव्हती, गडद पाठीवर तर मुळीच नाही. त्यांनी भिंत डावीकडून उजवीकडे न्याहाळली आणि प्रसन्न मुद्रेने पोटाकडे बोट दाखवले, "गुरुजी, ही जागा आमच्यासाठीच मोकळी ठेवली ना?"