पेलाग्रा, कपाशी आणि शोध कोणाचा?

नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, कॉनराड एल्वेयेम या जीवरसायनशास्त्रज्ञानं १९३७ मध्ये शोधलं, असं गुरुजी पानठेल्यावर म्हणाले आणि दिनूभाऊ उसळला. दिनूभाऊ म्हणजे कपाशीवाला, पण वाचणारा माणूस.

"शोध कायचा गुरुजी? पेलाग्रा झाल्यावर काय खायाचं, हे गोल्डबर्गर डॉक्टरनं वीस वर्सं आधीच दाखवलं होतं. मंग यानं काय शोधलं?"

पेलाग्रा म्हणजे भयंकर दुखणं. मानेभोवती, हातांवर, जिथं ऊन लागतं तिथं कातडी काळवंडून सोलते. मग जुलाब, मग भ्रमिष्टपणा, मग मरण. अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या मुलुखात, त्यानं हजारो गरीब मेले. त्यांचं रोजचं खाणं मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी. हा संसर्ग आहे, असं बहुतेक डॉक्टर म्हणायचे. जोसेफ गोल्डबर्गरनं १९१५ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगशेतीवर धडधाकट कैद्यांना तसलंच जेवण दिलं, अकरापैकी सहांना पेलाग्रा झाला. तरी लोक ऐकेनात, तेव्हा त्यानं रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, रोग्यांच्या अंगावरच्या खपल्या गिळल्या. त्याला काही झालं नाही.

"अन् पुढचं आयका," दिनूभाऊ म्हणाला. "दक्षिण कॅरोलिनातल्या सात गिरणीगावांत त्यानं घरोघरचा हिशेब मांडला. कमाई जितकी कमी, तितका पेलाग्रा जास्त. १९२० मंधी कापसाचे भाव पडले, तं यानं आधीच सांगून ठेवलं का आता रोग वाढन. तिकडं पार दारापर्यंत कपाशी पेरत. भाजीले वाफा नाई, घरी गाय नाई. हे भावाचं दुखनं हाय, राजेहो!"

यावर सगळ्यांनीच माना डोलावल्या. आमच्याकडेही भाव पडला की घरातला दुधाचा रतीब आधी बंद होतो.

तरी मी गुरुजींच्या बाजूनं बोललो, आणि अजूनही बोलेन. गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारला, तोवर जेवणात नेमकं काय कमी पडतं हे त्याला सापडलं नव्हतं. ते एल्वेयेमनं, विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याच्या या पोरानं, शोधलं. कुत्र्यांना पेलाग्रासारखाच रोग होतो, जीभ काळी पडते, खाणं सुटतं. त्यानं अशा कुत्र्याला ३० मिलिग्रॅम निकोटिनिक ॲसिड, म्हणजेच नायसिन, दिलं आणि ते खाऊ लागलं. त्या ॲसिडची माहिती रसायनशास्त्रज्ञांना १८६७ पासून होती. कासिमिर फुंक या जीवरसायनशास्त्रज्ञानं तर ते तांदळाच्या कोंड्यातून काढलंही होतं, पण तो बेरीबेरी या जीवनसत्त्वाच्याच उणिवेच्या दुसऱ्या रोगावर औषध शोधत होता. त्यावर ते चाललं नाही, म्हणून बाजूला पडलं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली वस्तू कोणत्या रोगाची आहे, हे ओळखणं म्हणजे शोध नव्हे तर काय?

गजूनं खर्रा घोटता घोटता विचारलं, "निकोटिनिक? मंग हे यातूनच भेटन ना?" गुरुजींनी त्याला स्पष्ट सांगितलं, नाही. तंबाखूतल्या निकोटिनचं शरीरात जीवनसत्त्व होत नाही.

मग गुरुजींनी ज्वारीचा विषय काढला. दख्खनच्या पठारावर निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा दिसायचा. हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की ज्वारीतलं जास्तीचं ल्यूसिन, म्हणजे प्रथिनातला एक घटक, त्याला कारण असावं.

"भाकरीले नावं ठेवू नका," दिनूभाऊ म्हणाला.

भाकरीला कोण नाव ठेवतंय? भाकरीबरोबर वरण आणि दूध असलं की हा प्रश्न येत नाही. तेही एल्वेयेमच्याच प्रयोगशाळेनं उलगडलं. दुधात नायसिन थोडंच असतं, तरी गोल्डबर्गरच्या रोग्यांना दुधानं बरं वाटायचं, ते का? १९४५ मध्ये त्याच्या गटानं दाखवलं की प्रथिनातला ट्रिप्टोफॅन नावाचा घटक नायसिनची उणीव भरून काढतो. त्या निबंधावर पी. एस. सरमा या भारतीयाचंही नाव आहे.

दिनूभाऊनं एल्वेयेमला अर्धा शोध दिला. उरलेला अर्धा तो सोडायला तयार नाही. "वरण-दूध लागते हे गोल्डबर्गरनं सांगतलं, कावून लागते हे यानं," तो म्हणाला. मी म्हटलं, हे 'कावून' कळलं म्हणूनच महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पावाच्या पिठात नायसिन मिसळता आलं, आणि ज्याला दूध परवडत नव्हतं त्याच्याही पोटात ते गेलं. "मिसळलं ते बरंच केलं," दिनूभाऊ म्हणाला, "पन दूध परवडाले पायजे, ते कोन पाह्यते?"